नदीकाठचे तीन तास

पत्र

सप्रेम नमस्कार. मी ६१ वर्षांची निवृत्त शिक्षिका असून डोंबिवलीला राहते. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी आणि हे एका सहल कंपनीबरोबर केनियाला जाऊन आलो. आम्ही अठरा जण होतो आणि सहा-सहा जणांच्या तीन गाड्या होत्या. मसाई मारा अभयारण्यात तिसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही गाड्या वेगवेगळ्या दिशांना गेल्या. दुसऱ्या गाडीला विल्डबीस्टचा, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या आफ्रिकी हरणांचा, कळप नदी ओलांडताना पाहायला मिळाला. आमची गाडी अकरा ते दोन, असे तीन तास नदीकाठी उभी होती. हजारो जनावरे अगदी पाण्यापर्यंत आली आणि मागे फिरली. आम्ही क्रॉसिंग पाहिलेच नाही.

परत आल्यावर दुसऱ्या गाडीतल्या एका गृहस्थांनी आपल्या कॅमेऱ्यातला व्हिडिओ सर्वांना पाठवला. हे तो रोज पाहतात, आल्यागेल्याला दाखवतात, आणि काही महिन्यांपासून ‘आमच्या डोळ्यांदेखत मगरीने पिल्लू ओढले’ असे सांगू लागले आहेत. मी एकदा टोकले, तर म्हणाले, ‘त्यांनी कॅमेऱ्यातली वेळ लिहिली आहे ती बघ, १२.४०. आपण तेव्हा नदीवरच होतो.’ त्यांना खरोखरच तसे वाटते हे पाहून मी घाबरले आहे.

कोजागरीला पुण्यात आम्हा सर्वांचा मेळावा आहे आणि सूत्रसंचालन माझ्याकडे दिले आहे. यांनी तिथे सर्वांसमोर हेच सांगितले तर मी काय करू? आणि मी स्वतः काय सांगू? आमच्या वाट्याला ‘काही झाले नाही’ एवढेच आले.

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातली भीती आधी बाजूला काढून ठेवू, म्हणजे पुढचे शांतपणे बोलता येईल. यजमान खोटे बोलत नाहीत, आणि तुम्ही जेवढे लिहिले आहे तेवढ्यावरून त्यांना काही आजार जडला असावा असेही मला वाटत नाही. घराजवळची वाट चुकणे, सकाळी काय खाल्ले ते दुपारी न आठवणे, तोच प्रश्न तासाभरात तीनदा विचारणे, बँकेचे नेहमीचे व्यवहार जमेनासे होणे, असे काही सोबत दिसत असेल तर मात्र मेळाव्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. तसे काही नसेल, तर त्यांना जे झाले आहे ते धडधाकट माणसांना आणि तरुणांनाही सर्रास होते.

हेन्री रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अमेरिकेत एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन माणसांना घरगुती दृश्यांची चित्रे दाखवायची आणि मग त्यांत काय काय होते ते दोघांनी आळीपाळीने सांगायचे, असे त्याचे स्वरूप होते. दोघांपैकी एक जण संशोधकांनीच बसवलेला असे आणि चित्रात नसलेल्या काही वस्तू तो मध्येच सांगून टाकी. पुढे दुसऱ्या माणसाला एकट्याला बसवून आठवायला सांगितले, की त्या न पाहिलेल्या वस्तूंपैकी काही त्याच्याही यादीत आलेल्या दिसत. संशोधकांनी या प्रकाराला संसर्ग हाच शब्द वापरला आहे. गोष्ट मनात राहते आणि ती कुठून आली हे सांगणारी चिठ्ठी तेवढी गळून पडते. यजमानांच्या बाबतीत तर नदी तीच, दिवस तोच, कळपही तसाच. कथेत कमी होता तो केवळ मधला तुकडा, आणि तो रोज पाहिलेल्या व्हिडिओने भरून काढला.

मी हे परक्याचे दुःख म्हणून सांगत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी मी आणि माझी नणंद टांझानियात गोरोंगोरोला गेलो होतो. सुमारे ६०० मीटर खोल आणि २६० चौरस किलोमीटर पसरलेल्या त्या ज्वालामुखीच्या विवरात आम्हाला गेंडा दिसला. नणंदेच्या सांगण्यात तो वर्षागणिक जवळ येत गेला आणि अखेर गाडीपासून वीस पावलांवर उभा राहिला. मलाही त्याच्या शिंगाला लागलेला चिखल आठवू लागला. पुढे घर बदलताना माझी त्या प्रवासातली वही सापडली. तिच्यात माझ्याच हाताने लिहिले होते: ‘गेंडा आहे म्हणतात. दुर्बिणीतून करडा ठिपका, हलला एकदा.’ तो चिखल मी कुठून आणला हे मला आजही सांगता येत नाही. म्हणून यजमानांकडे पाहताना तुम्ही मन मोठे ठेवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता त्या १२.४० विषयी. केनियाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तासांनी मागे असते. तिथे उतरल्यावर मोबाइल स्वतःच तिथली वेळ धरतो, पण कॅमेऱ्यातले घड्याळ हाताने बदलावे लागते आणि प्रवासाच्या गडबडीत ते बहुतेकांचे राहून जाते. त्या गृहस्थांचे तसे झाले असेल, तर त्यांचे १२.४० म्हणजे मारामधले सकाळचे १०.१० होतात, आणि तुमच्याच सांगण्याप्रमाणे तुम्ही नदीवर पोहोचलात ते अकराला. त्यांना फोन करून एवढे एकच विचारा. मेळाव्यात सर्वांची छायाचित्रे एकत्र दाखवणार असाल तर ही चौकशी तशीही करावीच लागेल, नाहीतर मोबाइलमधली आणि कॅमेऱ्यातली चित्रे एकमेकांत अशी मिसळतील की पहाटेचे सिंह सकाळच्या न्याहारीनंतर येतील.

परंतु हा हिशेब यजमानांपुढे पुरावा म्हणून मांडू नका. माणूस आठवणीत हरला की तो आठवण सोडत नाही, सांगणे सोडतो. आणि इतक्या आनंदाने प्रवासाविषयी बोलणारा माणूस गप्प व्हावा असे तुम्हालाही वाटत नसणार. त्याऐवजी एखाद्या संध्याकाळी चहा घेताना, व्हिडिओ समोर नसताना, त्यांना त्या तीन तासांविषयी लहान लहान प्रश्न विचारा. गाडीचे छप्पर वर केलेले होते तेव्हा ते कोणत्या बाजूला उभे होते? शेजारी कोण होते? दुर्बीण कोणाच्या हातात होती? ऊन कोणत्या खांद्यावर येत होते? डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला असे सगे-सोयरे असतात. व्हिडिओतून आलेल्या आठवणीला ते सहसा नसतात. विचारता विचारता कळप मागे वळल्याचे त्यांचे त्यांनाच आठवले, तर तिथेच थांबा. ‘मी सांगत होते ना’ हे वाक्य त्या दिवशी घरात उच्चारले जाऊ नये. उलट, व्हिडिओतली घटना सांगायची प्रामाणिक वाट त्यांना मोकळी ठेवा: ‘आपल्या दुसऱ्या गाडीने पाहिले ते असे.’ सहप्रवाशांचे पाहणे आपल्या सांगण्यात घ्यायला काहीच हरकत नाही, त्यांचे नाव जोडले म्हणजे झाले.

आणि एवढे करूनही त्यांनी मेळाव्यात तेच सांगितले, तर दुरुस्त करू नका. सूत्रसंचालक म्हणून एवढेच म्हणा की हा प्रसंग आता दुसऱ्या गाडीतून ऐकू या. त्या गृहस्थांना आधी विश्वासात घेतलेले असले, म्हणजे तेही समजून घेतील.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला अधिक बोलायचे आहे, कारण ‘काही झाले नाही’ हे तुमचे शब्द मला पटलेले नाहीत.

टांझानियातले सेरेंगेटी आणि केनियातले मसाई मारा मिळून जो गवताळ प्रदेश होतो, त्यात दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबत लाखो झेब्रे पावसामागून, म्हणजेच गवतामागून, वर्षभर फिरत असतात. साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात त्यांचा मोठा भाग मारामध्ये असतो आणि या महिन्यांत कळप नदी एकदाच ओलांडत नाहीत. गवत जिकडे चांगले तिकडे, कधी या तीरावर तर कधी त्या, ते जात-येत राहतात. प्रत्येक वेळी आधी काठावर ही घालमेल होते. पुढची जनावरे पाण्यात पाहत उभी राहतात, मागून रेटा वाढतो, धुरळा उठतो, एखादा झेब्रा दोन पावले खाली उतरतो आणि परत येतो, आणि कधी कधी तासन् तास उभा राहिलेला कळप कोणालाही न कळलेल्या कारणाने वळून चरायला लागतो. म्हणजे कळपाचा नदीशी जो व्यवहार चालतो, त्यातला फार मोठा भाग हा थांबण्याचाच असतो. दुसऱ्या गाडीने त्याचा शेवट पाहिला. तुम्ही तो आधीचा भाग तीन तास पाहिला.

आणि ती जनावरे थबकतात ती उगीच नव्हे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी मारा नदीत सामूहिकपणे बुडणाऱ्या विल्डबीस्टचा अंदाज बांधला, तो वर्षाला सरासरी ६,२५० इतका आहे. ही मगरींनी धरलेल्या जनावरांची मोजणी नाही; चेंगराचेंगरीत, उंच काठाखाली अडकून आणि प्रवाहात सापडून बुडालेल्यांची आहे. त्यांच्या मांसावर गिधाडे आणि मरबू करकोचे जगतात, मासे जगतात, आणि हाडे पूर्ण झिजायला सुमारे सात वर्षे लागत असल्यामुळे नदीला त्यांतून पोषण मिळत राहते. तुमची गाडी त्या काठावर इतका वेळ उभी होती, तर वाऱ्याबरोबर तो वास तुम्हाला आला असेल, काठावरच्या झाडांवर बसलेली गिधाडे दिसली असतील. व्हिडिओत वास नसतो. यजमानांना विचारायच्या प्रश्नांत हाही घाला.

गाडीतून खाली उतरायची परवानगी नसते, हे तुम्हीही अनुभवले असेल. इंजिन बंद, दुपारचे ऊन, पाय मोकळे करायला जागा नाही, कोणाला बाहेर जायचे असले तरी इलाज नाही, आणि अशा स्थितीत, महिन्याभरापूर्वी एकमेकांची नावेही ठाऊक नसलेली सहा माणसे एका दिशेने पाहत बसलेली. त्या वेळी तुम्ही काय बोललात? डबा कोणी उघडला, भाकरवडी कोणाच्या पिशवीतून निघाली, ‘आता चला’ असे पहिल्यांदा कोण म्हणाले आणि ‘अजून दहा मिनिटे’ कोण म्हणाले? कळप वळला तेव्हा कोणाला वाईट वाटले, आणि कोणाला मनातून बरे वाटले की आज कोणी मेले नाही? नदी ओलांडण्याची चित्रणे आता कोणालाही घरबसल्या हवी तेवढी पाहता येतात. त्या तीन तासांचे साक्षीदार मात्र जगात सातच आहेत: तुम्ही सहा जण आणि तुमचा चालक.

सफारी हा शब्द स्वाहिलीत कोणत्याही प्रवासाला वापरतात, आणि तो ज्या अरबी ‘सफर’पासून आला त्याच शब्दापासून आपली सफर आली. त्यात प्राणी दिसण्याची अट कुठेही नाही. पहाटेचा गरम चहा, खड्ड्यांच्या रस्त्यावर आपटलेले डोके, दूरवर एकट्या छत्रीसारख्या बाभळीखाली दिसलेली सावली, हे सगळे त्याच शब्दात येते.

आता मेळावा. सूत्रसंचालन तुमच्याकडे आले आहे ही चांगलीच गोष्ट झाली, कारण अशा मेळाव्यांची जी रीत पडून गेली आहे ती तुम्हाला बदलता येईल. बहुतेक ठिकाणी दिवे मालवून ज्याचा कॅमेरा मोठा त्याची छायाचित्रे आधी लावतात, दीड तास सगळे ‘वा वा’ म्हणतात, मग दूध पिऊन शेवटची लोकल किंवा बस गाठतात. ज्यांनी कॅमेरा नेला नव्हता, त्यांचा प्रवास कोणी विचारतच नाही. तुम्ही क्रम उलटा करा: आधी शब्द, चित्रे नंतर.

याला कारण आहे. वेल्डन आणि बेलिंजर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की गटाने एकत्र बसून आठवले तर एकट्या माणसापेक्षा जास्त आठवते खरे, पण तेवढ्याच माणसांनी वेगवेगळे बसून आठवले आणि मग त्या याद्या जोडल्या, तर त्याहून जास्त निघते. एकाच्या सांगण्याचा ओघ दुसऱ्याच्या आठवणीची वाट मोडतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. म्हणून आजच सर्वांना कळवा की प्रत्येकाने मेळाव्याआधी एक पान लिहून आणायचे आहे, तेही छायाचित्रे न पाहता आणि घरात नवरा-बायकोने एकमेकांना न दाखवता. ज्यांना लिहायचा कंटाळा असेल त्यांनी मोबाइलवर बोलून ठेवावे. मेळाव्यात प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी पाहिलेली, कानांनी ऐकलेली एकच गोष्ट सांगावी. तीन-तीन मिनिटे धरली तरी अठरा जणांना तासाच्या आत वेळ मिळतो. ‘आपल्या डोळ्यांनी’ ही अट सर्वांना सारखीच घातली, म्हणजे ती यजमानांवर रोखलेली वाटणार नाही आणि त्यांनाही आपली अशी एक गोष्ट शोधावी लागेल. माझा अंदाज आहे की ती त्यांना सापडेल.

दोघांच्या सांगण्यात फरक पडला, एकाचा सिंह डावीकडे आणि दुसऱ्याचा उजवीकडे निघाला, तर निवाडा करत बसू नका. तुम्ही शाळेत शिकवले आहे, त्यामुळे तो मोह होईल. दोन्ही ऐकून पुढे जा. नंतर चित्रांत खरे काय ते दिसेलच, किंवा दिसणारही नाही.

ज्या गृहस्थांनी व्हिडिओ काढला, त्यांच्याविषयी तुमच्या पत्रात थोडी कटुता जाणवली. ती सोडा. लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एका संग्रहालयात केलेल्या प्रयोगात असे आढळले होते की ज्या वस्तूंचे लोकांनी छायाचित्र काढले, त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. डोळा कॅमेऱ्यात गुंतला की बाकीचे निसटते. त्या गृहस्थांकडे ते चित्रण आहे, पण तो आवाज, ती धावपळ, शेजारच्यांचे चेहरे कदाचित त्यांच्याकडे नसतील. त्यांच्या गाडीतल्या बाकीच्यांनी तेवढे सांगितले, तर सर्वांत आधी कान टवकारतील ते तेच असतील.

छायाचित्रांची मूळ प्रत एकमेकांना देताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. गेंड्याचे चित्र असेल तर त्यात नोंदले गेलेले ठिकाण काढून टाकून मगच द्यावे, कारण शिंगासाठी होणाऱ्या चोरट्या शिकारीचे भय आजही संपलेले नाही. आणि मसाई वस्तीतल्या मुलांची चित्रे आपापसांत पाहून ठेवावीत, चारचौघांत पसरवू नयेत. आपल्या नातवंडांच्या बाबतीत आपण जी काळजी घेतो तीच तिथेही घ्यावी.

आणखी एक सहप्रवासी राहिला, ज्याला मेळाव्याचे आमंत्रण गेलेले नसणार. तुमच्या गाडीचा चालक. तोच तुमचा वाटाड्याही होता, तीन तास तोही त्याच गाडीत होता, आणि त्याने असे कळप वळताना कितीदा तरी पाहिले असतील. त्याला त्या दिवशी काय वाटले हे तुमच्यापैकी कोणी विचारले होते का? त्याचा क्रमांक सहल कंपनीच्या तुमच्या सोबत आलेल्या व्यवस्थापकाकडे मिळेल. मेळाव्याच्या आठवडाभर आधी त्याला निरोप पाठवा आणि दोन मिनिटे बोलून पाठवायची विनंती करा. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले असताना तिथे सात वाजलेले असतात आणि दिवसभराची फेरी आटोपून तो परतलेला असतो. सुरुवातीला ‘असान्ते साना’, म्हणजे मनापासून आभार, एवढे त्याच्या भाषेत म्हणा. त्याचा आवाज मेळाव्यात अगदी शेवटी ऐकवा, दिवे लावलेले असतानाच.

तुमचे स्वतःचे पान मात्र उद्याच लिहायला घ्या. क्रॉसिंग हुकल्याच्या खेदाने सुरुवात करू नका. कळप मागे वळला तेव्हा सर्वांत आधी कोण वळले, झेब्रा की विल्डबीस्ट, एकटे की पिल्लासह, हे तुम्हाला आठवत असेल तर तिथून सुरू करा.